देवावर भरवसा, कागदावर नजर

आपल्या धर्मग्रामांत निवृत्तीचा सोहळा थाटात साजरा होतो. कृतज्ञतेची मिस्सा होते, शाल आणि पुष्पगुच्छ दिले जातात, चार वक्ते उत्सवमूर्तीच्या सेवाभावाचे गोडवे गातात आणि 'उर्वरित आयुष्य प्रभूच्या सेवेत जावो' अशा शुभेच्छांनी सभेची सांगता होते. त्या गृहस्थाच्या हाती ग्रॅच्युइटीची आणि भविष्यनिर्वाह निधीची जी रक्कम आलेली असते, तिच्याविषयी मात्र कोणी अवाक्षरही काढत नाही. तसे करणे शिष्टसंमत नाही. मग त्या रकमेची आस्थेने चौकशी करायला पहिला कोण येतो? कमिशनवर काम करणारा एजंट येतो, सदनिका विकणारा दलाल येतो, दामदुपटीची योजना घेऊन कोणी दूरचा नातलग येतो. ज्या विषयावर ख्रिस्ती समाज मौन पाळतो, त्या विषयावर बोलायला इतर लोक टपूनच बसलेले असतात.

या मौनाच्या मुळाशी एक समजूत आहे आणि ती चुकीची आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. श्रद्धा एका बाजूला आणि हिशेब दुसऱ्या बाजूला, अशी आपण मनाशी विभागणी करून टाकली आहे. भाविक मनुष्य पैशाचा फार विचार करत नाही, असे आपल्यापैकी काहीजण मानतात. पैशाचा विचार करायचा तर भाविकपणा देवळाच्या पायरीवरच ठेवावा, असे दुसरे काहीजण मानतात. वरवर पाहता ही दोन मते परस्परविरोधी वाटतात. वस्तुतः दोन्हींचे म्हणणे एकच आहे : प्रभू येशूचा आणि बँकेच्या पासबुकाचा काही संबंध नाही. ख्रिस्तसभेने असे कधीच शिकवलेले नाही. ही विभागणी आपल्या घरांत चार वाक्यांच्या रूपाने वावरत असते. ती चारही वाक्ये तपासून पाहावीत, असे मला वाटते.

'देव पाहून घेईल'

पहिले वाक्य सर्वांत भाविक, म्हणूनच सर्वांत फसवे. आकाशातील पाखरे आणि रानातील फुले यांचा दाखला मत्तयच्या शुभवर्तमानातून दिला जातो आणि विषय संपवला जातो. त्या वचनांत प्रभूने निषेध केला आहे तो जीव पोखरणाऱ्या काळजीचा. तरतुदीचा निषेध तेथे नाही. बुरूज बांधण्यापूर्वी बसून खर्चाचा अंदाज न घेणारा मनुष्य लोकांच्या हसण्याचा विषय होतो, हे लूकच्या चौदाव्या अध्यायात त्याच प्रभूने सांगितले आहे. एक वचन उचलायचे आणि दुसरे झाकून ठेवायचे, याला शास्त्रवाचन म्हणत नाहीत.

उत्पत्तीच्या एकेचाळिसाव्या अध्यायातील योसेफाकडे पाहा. सुकाळाच्या सात वर्षांत पिकाचा पाचवा हिस्सा बाजूला काढावा, असा सल्ला त्याने फारोला दिला. देवावरचा त्याचा विश्वास कमी पडला म्हणून त्याने कोठारे भरली, असे कोणी म्हणेल काय? पुढे काय होणार हे देवाने दाखवले, म्हणूनच त्याने कोठारे भरली. दर्शन देवाचे होते, मोजमाप माणसाचे होते. एकाने दुसऱ्याला खोटे पाडले नाही.

संत थॉमस अक्वायनस यांनी सुज्ञता या सद्गुणाची चर्चा करताना दूरदृष्टी हा तिचा प्रमुख घटक मानला. लॅटिनमध्ये सुज्ञतेला 'प्रुदेन्तिया' म्हणतात आणि ईश्वरी तरतुदीला 'प्रोविदेन्तिया'. दोन्ही शब्दांचे मूळ एकच आहे : पुढचे पाहणे. भविष्याच्या काळजीविषयी याच संतांनी एक समंजस विवेचन केले आहे. कापणीच्या दिवसांत द्राक्षांच्या तोडणीची चिंता करत बसणे व्यर्थ आहे, पण ज्या त्या हंगामाचे काम त्या त्या हंगामात करणे हा सुज्ञपणा आहे, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय आहे. चाळिशी-पन्नाशी हा साठवणीचा हंगाम आहे. तो हातचा घालवून साठीनंतर नोव्हेना करत बसणे याला मी श्रद्धा म्हणणार नाही.

येथे कोणी विचारील, धर्मगुरू आणि धर्मभगिनी तर उद्याची चिंता न करता जगतात, मग आम्हीच का करावी? उत्तर साधे आहे. व्रतस्थाच्या मागे त्याचा संघ असतो, धर्मगुरूच्या वृद्धापकाळाची जबाबदारी धर्मप्रांत वाहतो. प्रापंचिक दांपत्याच्या मागे कोण आहे? आखाती देशांत पंचवीस वर्षे घाम गाळून परतलेल्याला सहसा निवृत्तिवेतन नसते. खासगी कारखान्यातील कामगारासाठी १९९५ साली जी निवृत्तिवेतन योजना आली, तिचे किमान वेतन २०१४ साली दरमहा १,००० रुपये ठरवले गेले. त्याच वर्षी ठरलेल्या १५,००० रुपयांच्या वेतनमर्यादेने हिशेब केला, तर ३५ वर्षे राबलेल्या माणसाला त्या सूत्रानुसार महिना ७,५०० रुपये मिळतात. यावर दोन माणसांचे औषधपाणी तरी निघेल काय? केंद्र सरकारने १ जानेवारी २००४ पासून आणि महाराष्ट्र शासनाने १ नोव्हेंबर २००५ पासून सेवेत आलेल्यांसाठी अंशदायी योजना आणली. तेव्हापासून कित्येक शिक्षकांच्या आणि कारकुनांच्या निवृत्तीचा पैसा बाजारात गुंतू लागला. 'आमचा शेअर बाजाराशी काय संबंध' असे म्हणणाऱ्यांपैकी अनेकांचा संबंध त्यांच्या नकळत केव्हाच जडला आहे.

'व्याजावर भागेल' ही याच वाक्याची धाकटी बहीण. एक साधे गणित मांडू. साठीच्या दांपत्याजवळ ४० लाख रुपये आहेत आणि ते सात टक्क्यांच्या मुदत ठेवीत आहेत. वर्षाला २ लाख ८० हजार, म्हणजे महिन्याला सुमारे २३,३०० रुपये येतात. घरखर्च २०,००० आहे. सारे ठीक दिसते. महागाई वर्षाला सहा टक्के धरली, तर तिसरे वर्ष संपता संपता खर्च व्याजाला ओलांडून जातो. बाराव्या वर्षी तोच घरखर्च ४०,००० होतो आणि चोविसाव्या वर्षी ८०,०००. तोपर्यंत नवरा बहुधा देवाघरी गेलेला असतो आणि हे ८०,००० रुपयांचे कोडे चौऱ्याऐंशी वर्षांच्या विधवेपुढे उभे असते. महागाई ही चोरी दिसत नाही, म्हणून तिची फिर्याद कोठे नोंदवता येत नाही. ज्याने सारी पुंजी ठेवीतच ठेवली, त्याने धोका टाळला असे नव्हे. त्याने एक धोका टाळून दुसरा पत्करला, आणि तो पत्करला याची त्याला जाणीवही नाही.

'आपलाच माणूस आहे'

दुसऱ्या वाक्याने पहिल्यापेक्षा अधिक घरे बुडवली आहेत. समोरचा मनुष्य आपल्याच धर्मग्रामातला आहे, गायनवृंदात गातो, ऑक्टोबरात जपमाळेला येतो. मग त्याच्याकडे पावती कशी मागायची? नोंदणी क्रमांक विचारला तर त्याचा अपमान होईल! ही भीड फसवणाऱ्याच्या हातातील सर्वांत धारदार हत्यार आहे.

ही आजची गोष्ट नव्हे. १९२० साली बोस्टन शहरात चार्ल्स पाँझी नावाच्या गृहस्थाने पंचेचाळीस दिवसांत पन्नास टक्के नफा देण्याचे आश्वासन दिले आणि नव्या लोकांच्या पैशातून जुन्यांना देणी दिली. तो इटलीहून आलेला होता आणि त्याच्याकडे धावलेल्यांत त्याचेच देशबांधव मोठ्या संख्येने होते. त्याच्या नावाने ओळखली जाणारी युक्ती शंभर वर्षे उलटली तरी जशीच्या तशी चालते. जानेवारी २०२५ मध्ये दादरपासून मिरा रोडपर्यंत दुकाने थाटलेल्या एका दागिन्यांच्या पेढीपुढे गुंतवणूकदारांची रडारड झाली. खड्यांच्या खरेदीवर आठवड्याआठवड्याला परतावा मिळत होता आणि ज्यांना मिळत होता तेच शेजाऱ्यापाजाऱ्यांना आग्रह करत होते. साक्ष देणारे खोटे बोलत नव्हते, त्यांना खरोखरच पैसे मिळाले होते. योजना खरी असल्याचा तो पुरावा मात्र नव्हता.

येथे अंकगणित हा धर्मगुरूइतकाच चांगला सल्लागार आहे. महिना दहा टक्के देणारी योजना खरी असती, तर तिच्यात ठेवलेला एक लाख पाच वर्षांत तीन कोटींच्या वर गेला असता. असा धंदा ज्याला गवसला, तो आपल्या दहा-वीस हजारांसाठी आपल्या ओटीवर चहा पीत कशाला बसेल?

फसवणूक नसली तरीही एकाच ठिकाणी सारा विश्वास टाकणे घातक ठरते. २३ सप्टेंबर २०१९ रोजी रिझर्व्ह बँकेने पंजाब अँड महाराष्ट्र सहकारी बँकेवर निर्बंध घातले. आरंभी ठेवीदाराला आपल्याच खात्यातून अवघे १,००० रुपये काढता येत होते. ती बँक ज्यांना आपल्या समाजाची वाटत होती, त्यांनी आयुष्यभराची मिळकत तेथे ठेवली होती. गुरुद्वारांच्या ठेवीही त्यात अडकल्या. जानेवारी २०२२ मध्ये तिचे दुसऱ्या बँकेत विलीनीकरण झाले, पण मोठ्या ठेवी टप्प्याटप्प्याने, दहा वर्षांपर्यंतच्या मुदतीत परत मिळतील असे ठरले. सत्तरीतल्या ठेवीदाराला दहा वर्षे थांबायला सांगणे म्हणजे काय, हे वेगळे सांगायला नको. ठेवीवरील विम्याचे संरक्षण ४ फेब्रुवारी २०२० पासून एका लाखावरून पाच लाखांवर नेण्यात आले. ते एका बँकेतील एका ठेवीदाराच्या सर्व शाखांतील ठेवी मिळून, व्याज धरून आहे. तीन शाखांत तीन ठेवी ठेवल्या म्हणजे तीन विमे मिळतात, या भ्रमात आपल्यापैकी किती जण आहेत?

योसेफाच्या गोष्टीत एक बारकावा आहे. त्याने साऱ्या मिसर देशाचे धान्य एका राजवाड्यात भरले नाही. प्रत्येक नगराभोवतीच्या शेतांचे धान्य त्या त्या नगरात ठेवले. उपदेशक ग्रंथाच्या अकराव्या अध्यायातही आपला वाटा सात-आठ जागी करावा, कारण पृथ्वीवर कोणती आपत्ती येईल ते ठाऊक नाही, असा विचार आला आहे. 'सगळे एकाच जागी नको' हे तत्त्व सांगायला परदेशी पंडितांची गरज नाही, ते आपल्या पवित्र ग्रंथात आहे.

भाविकपणाने हिशेबाची उणीव भरून निघत नाही, याचा धडा खुद्द व्हॅटिकनलाही घ्यावा लागला. राज्य सचिवालयाने लंडनमधील एका इमारतीत प्रचंड रक्कम गुंतवली. २०२२ साली ती विकावी लागली तेव्हा दहा कोटी युरोहून अधिक तोटा झाला आणि तो व्यवहार व्हॅटिकनच्या न्यायालयापर्यंत गेला. त्याच वर्षी १ सप्टेंबरपासून व्हॅटिकनच्या सर्व संस्थांसाठी गुंतवणुकीचे एकच लेखी धोरण लागू झाले. जे व्हॅटिकनला करावे लागले, ते आपल्या घरात करायला लाज कसली?

उलट, पावती मागणे ही आपली परंपराच आहे. दुहेरी नोंदीच्या जमाखर्चाचे विवेचन करणारा पहिला छापील ग्रंथ १४९४ साली व्हेनिसमध्ये निघाला. त्याचा लेखक लुका पाचोली हा फ्रान्सिस्कन संघाचा व्रतस्थ होता. १९०९ साली छोटा नागपूरमध्ये फादर योहान हॉफमन या येशूसंघीय धर्मगुरूने आदिवासींसाठी कॅथॉलिक सहकारी पतसंस्था उभी केली. आपल्या वसईतील कॅथॉलिक सहकारी बँकेचा आरंभही १९१८ सालचा. 'आपला माणूस आहे' एवढ्यावर या पूर्वजांनी काम भागवले नाही. त्यांनी घटना लिहिल्या, वह्या ठेवल्या, सभासदांना हिशेब विचारण्याचा हक्क दिला. आपल्या माणसाला हिशेब विचारायचा असतो, म्हणूनच तर संस्था काढायच्या असतात.

तेव्हा जो कोणी पैसे मागायला येईल, तो आपल्या गायनवृंदातला असो वा नसो, त्याला तीन गोष्टी विचाराव्यात. ही योजना रिझर्व्ह बँक, सेबी किंवा विमा नियामक यांपैकी कोणाच्या नोंदीत आहे? मला जे सांगितले ते लिहून मिळेल काय? यात तुझे कमिशन किती? अनियंत्रित ठेव योजनांवर बंदी घालणारा केंद्रीय कायदा २०१९ साली झाला, ठेवीदारांच्या रक्षणाचा महाराष्ट्राचा कायदा तर १९९९ पासून आहे. परंतु कायदा बहुधा पैसे गेल्यानंतर धावून येतो. प्रश्न आधी विचारता येतात. जो प्रामाणिक आहे तो या प्रश्नांनी रागावणार नाही, आणि जो रागावेल त्याने उत्तर दिलेच आहे.

'मुले पाहतील'

तिसरे वाक्य उच्चारताना आपला कंठ दाटून येतो, म्हणून ते तपासायला जड जाते. मुलांनी आईवडिलांना पाहावे, ही देवाची चौथी आज्ञा आहे. मार्कच्या सातव्या अध्यायात प्रभूने 'कुर्बान'च्या सबबीवर कडाडून टीका केली. आईवडिलांना द्यायचे ते देवाला अर्पण केले आहे, असे सांगून हात झटकणाऱ्यांना त्याने दांभिक म्हटले. देवळाला देणगी देऊन आईच्या औषधाला हात आखडणाऱ्या मुलांनी तो अध्याय पुन्हा वाचावा.

पण आज्ञा मुलांसाठी आहे. तिच्या भरवशावर स्वतःला निष्कांचन करून घ्यावे, अशी आज्ञा आईवडिलांना कोठेही दिलेली नाही. कॅथॉलिक बायबलमधील बेन सिराच्या बोधग्रंथाचा तेहेतिसावा अध्याय या बाबतीत विलक्षण रोखठोक आहे. आपण जिवंत आहोत तोवर मुलगा, पत्नी, भाऊ वा मित्र यांच्या हाती आपला ताबा देऊ नये, आपली मालमत्ता दुसऱ्याला देऊन मग त्याच्यापुढे हात पसरण्याची वेळ आणू नये, वाटणी करायची ती अखेरच्या घटकेला करावी, असा त्याचा मथितार्थ आहे. हे लिहिणारा मनुष्य मुलांचा द्वेष्टा नव्हता. आईवडिलांच्या सन्मानाविषयीचे सुंदर विवेचन त्याच ग्रंथाच्या तिसऱ्या अध्यायात आहे. सन्मान टिकावा म्हणूनच ताबा सोडू नये, हे त्याला कळले होते.

आपल्याकडे काय घडते? मुलाच्या व्यवसायासाठी भविष्यनिर्वाह निधी रिकामा होतो, मुलीच्या लग्नात उरलेसुरले जाते आणि वाडीचा दस्त 'आज ना उद्या त्याचाच आहे' म्हणून मुलाच्या नावावर होतो. पुढे सून वाईट निघते असे नाही, मुलगा कृतघ्न असतो असेही नाही. त्याचीही नोकरी जाते, त्याच्याही घरात आजारपण येते. मग तीन पिढ्या एकाच रिकाम्या कणगीभोवती बसतात. ज्येष्ठांच्या निर्वाहासाठी २००७ साली जो कायदा झाला, त्याच्या तेविसाव्या कलमानुसार सांभाळण्याच्या अटीवर दिलेली मालमत्ता, अट मोडल्यास, परत मिळवण्याचा मार्ग आहे. पण बापाने मुलाविरुद्ध अर्ज करायचा, ही वेळच का यावी? स्वतःपुरते राखून ठेवणारे आईवडील मुलांवर अन्याय करत नाहीत. ते त्यांच्यावरचे ओझे कमी करतात.

याच्याच जोडीने मृत्युपत्राचा विषय येतो. 'मरणाच्या गोष्टी कशाला' म्हणून आपण तो टाळतो, आणि तेही प्रत्येक प्रणाम मरियेत आपल्या मरणाच्या वेळेसाठी प्रार्थना करणारे आपण! १९२५ च्या भारतीय वारसा कायद्यानुसार ख्रिस्ती मनुष्य मृत्युपत्र न करता वारला आणि त्याला मुले असली, तर त्याच्या मालमत्तेचा एक तृतीयांश हिस्सा पत्नीला जातो आणि दोन तृतीयांश मुलांना. राहते घर केवळ नवऱ्याच्या नावावर असेल, तर त्या घरात विधवेचा वाटा तिसऱ्या हिश्श्याचा राहतो. नॉमिनी म्हणून नाव लावले म्हणजे सारे तिचेच झाले, हाही भ्रम आहे. नॉमिनी हा वारसांच्या वतीने रक्कम स्वीकारणारा असतो, आणि समभागांच्या बाबतीतही हेच तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये स्पष्ट केले. ज्या पत्नीने चाळीस वर्षे संसार केला तिला खात्यांची यादीसुद्धा ठाऊक नसावी, याला मी साधेपणा म्हणत नाही, हा विवाहसंस्काराचा अवमान आहे.

'पैशाला धर्म नसतो'

आतापर्यंत वाचून काही हिशेबी वाचक खूश झाले असतील. चौथे वाक्य त्यांचे आहे. परतावा कोठे अधिक तेवढे पाहावे, पैसा काय करतो ते पाहू नये, असे ते म्हणतात. पोप दुसरे जॉन पॉल यांनी १ मे १९९१ च्या 'चेन्तेसिमुस आन्नुस' या परिपत्रकात याचे उत्तर दिले आहे. एका जागी न गुंतवता दुसऱ्या जागी गुंतवणे हा नेहमीच नैतिक आणि सांस्कृतिक स्वरूपाचा निर्णय असतो, असे प्रतिपादन त्यांनी त्यात केले. नोव्हेंबर २०२२ मध्ये व्हॅटिकनच्या सामाजिक शास्त्रांच्या अकादमीने 'मेन्सुराम बोनाम' या नावाने श्रद्धावंत गुंतवणूकदारांसाठी मार्गदर्शक तत्त्वेही प्रसिद्ध केली. म्हणजे या प्रश्नावर ख्रिस्तसभा गप्प नाही, आपणच ऐकलेले नाही.

दूरची उदाहरणे कशाला? हरित वसईसाठी आपण रस्त्यावर उतरलो, झाडे आणि पाणी वाचावे म्हणून सभा गाजवल्या. आणि निवृत्तीची रक्कम हाती येताच ती कोठे घातली? बावखल बुजवून उभ्या राहिलेल्या इमारतीतील दुसऱ्या, तिसऱ्या सदनिकेत. सदनिका कुलूपबंद, खाली टँकरची रांग, आणि मालक रविवारच्या मिस्सेत पर्यावरणासाठी प्रार्थना करणार! यात नीती तर हरवलीच, हिशेबही हरवला. वृद्धापकाळी रुग्णालयाचे बिल भरायला सदनिकेची एक खोली विकता येत नाही. गिऱ्हाईक मिळेपर्यंत आजार थांबत नाही. तसेच दारूमुक्तीसाठी उपास करायचा आणि मद्य किंवा सिगारेट तयार करणाऱ्या कंपनीचे समभाग मुद्दाम निवडून घ्यायचे, यालाही काय म्हणावे?

मात्र येथेही विवेक हवा. म्युच्युअल फंडात पन्नास कंपन्या असतात, त्यांतील एखादी आपल्याला न पटणारी निघते. म्हणून साऱ्या फंडाला पाप ठरवणे हा अतिरेक होय. दुष्कृत्यात जवळून हात असणे आणि दूरचा, नकळत संबंध येणे यांत कॅथॉलिक नीतिशास्त्राने पूर्वीपासून भेद केला आहे. आपल्याला जे कळते आणि जे टाळता येते, ते टाळावे. शंभर टक्के निर्मळ पैशाच्या शोधात सारी रक्कम गादीखाली ठेवणे हा त्यावरचा उपाय नव्हे. ती रक्कम महागाई खाऊन टाकील आणि त्यात कोणाचेही भले होणार नाही.

आता मोजके विधायक. वाढत्या वयाला पुरेल अशी तरतूद एकाच कणगीत होत नाही. वर्षभराचा घरखर्च आणि आजारपणाचा पैसा लगेच हाती येईल अशा जागी असावा. आरोग्यविमा प्रकृती ठणठणीत असतानाच घ्यावा. त्यानंतरचा मोठा हिस्सा शासकीय हमीच्या योजनांत ठेवता येतो. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेची मर्यादा १ एप्रिल २०२३ पासून १५ लाखांवरून ३० लाख करण्यात आली. आणि जी रक्कम पुढील सात-आठ वर्षे लागणार नाही, तिचा झेपेल एवढाच भाग, चढउतार सोसण्याची तयारी ठेवून, वाढीसाठी समभागांच्या फंडात असावा. कोणाला किती झेपेल हे वय, प्रकृती आणि घरची जबाबदारी यांवरून ठरते. त्यासाठी कमिशनऐवजी ठरावीक शुल्क घेणारा, सेबीकडे नोंदलेला सल्लागार गाठावा. त्याला दिलेले शुल्क वाया जात नाही.

आणखी एक कणगी राहिली. लूकच्या बाराव्या अध्यायातील धनवंताने मोठी कोठारे बांधायचे ठरवले, यात त्याचा दोष नव्हता. योसेफानेही कोठारेच भरली होती. योसेफाची कोठारे भुकेल्यांसाठी उघडली. या धनवंताच्या स्वगतात 'माझे' याखेरीज दुसरा शब्द नव्हता, आणि तेवढ्यावरून देवाने त्याला मूर्ख ठरवले. पुरेसे म्हणजे किती, हा आकडा ज्याने कागदावर मांडला आहे, त्यालाच त्यापलीकडचे मोकळ्या हाताने देता येते. ज्याने तो मांडलेला नाही, तो लाखात लोळला तरी भीतीपोटी मूठ आवळून बसतो. हिशेब दानाचा वैरी आहे असे मानणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे.

धर्मग्रामांकडे माझे एक मागणे आहे. विवाहपूर्व शिबिर आपण सक्तीचे केले, ते योग्यच केले. तसेच निवृत्तिपूर्व शिबिर पन्नाशी गाठलेल्या प्रत्येक दांपत्यासाठी वर्षातून एकदा भरवावे. तेथे कोणाचीही योजना विकली जाणार नाही, कोणाचाही एजंट व्यासपीठावर बसणार नाही आणि धर्मगुरू कोणत्याही योजनेची शिफारस करणार नाहीत, असा कडक नियम असावा. नवराबायकोने शेजारी बसून आपल्या खात्यांची यादी लिहावी, मृत्युपत्राचा मसुदा करावा, खर्चाचे बाराव्या आणि चोविसाव्या वर्षाचे गणित मांडावे.

तोपर्यंत प्रत्येक घराने स्वतःपुरता आरंभ करावा. या आठवड्यात एका संध्याकाळी, जपमाळ झाल्यावर, त्याच मेजावर सगळी पासबुके, ठेवींच्या पावत्या आणि विम्याचे कागद मांडावेत आणि पतीपत्नीने मिळून ते वाचावेत. प्रार्थना संपली आणि व्यवहार सुरू झाला, असे त्या वेळी मनात आणू नये.